कामगारांचे मृत्यू अपेक्षेपेक्षा कमी आले, म्हणजे कारखाना सुरक्षित आहे का?

तुम्ही विचारलंय, अहवालात कामगारांचे मृत्यू ‘अपेक्षेपेक्षा कमी’ निघालेत, मग तिथल्या रसायनाची काळजी करायचं कारण उरतं का? माझ्या मते नक्कीच उरतं. त्या एका आकड्यावरून रसायनाबद्दल फारसं काही कळत नाही.

हा ‘अपेक्षित’ आकडा सर्वसाधारण लोकसंख्येचा मृत्युदर वयानुसार लावून काढतात. त्या लोकसंख्येत अंथरुणाला खिळलेले आणि आजारपणामुळे कधी नोकरीच करू न शकलेले लोकही येतात. कारखान्यात शिरतो तो मात्र धडधाकट माणूस. त्यामुळे कामगारांचं पारडं पहिल्या दिवसापासूनच जड असतं.

याचं उत्तम उदाहरण म्हणजे ब्रिटनमधले व्हिनाइल क्लोराइडचे, म्हणजे पीव्हीसी प्लास्टिक ज्यापासून बनतं त्या रसायनाचे कामगार. फॉक्स आणि कॉलियर या संशोधकांनी 1976 मध्ये दाखवलं की कामाला लागल्यापासून पहिल्या पाच वर्षांत त्यांचे मृत्यू अपेक्षेच्या 37 टक्क्यांपर्यंत खाली होते. पुढे हा फायदा विरत गेला आणि पंधरा वर्षांनी जवळपास संपला. आता याच रसायनाची दुसरी बाजू बघा. 1974 मध्ये अमेरिकेत लुईव्हिलच्या एका कारखान्यातल्या कामगारांना यकृताचा अँजिओसार्कोमा हा अत्यंत दुर्मीळ कर्करोग झाल्याचं समोर आलं, आणि त्याचं कारण व्हिनाइल क्लोराइडच निघालं. हृदयविकाराचे आणि श्वसनाच्या आजारांचे मृत्यू मुळातच कमी असले, की एकूण बेरजेत असे थोडे कर्करोग दिसतही नाहीत. म्हणून कारणनिहाय आकडे मागायलाच हवेत.

मला सगळ्यात जास्त सलते ती पुढची गोष्ट. ज्याला त्रास होतो तो नोकरी सोडतो, किंवा कमी धुळीच्या, हलक्या कामावर जातो. त्याच अभ्यासात पंधरा वर्षांनंतर हयात असलेल्यांपैकी काम सोडून गेलेल्यांचं मृत्यूचं प्रमाण कामावर टिकलेल्यांपेक्षा सुमारे 50 टक्के जास्त निघालं. म्हणजे फक्त हजेरीपटावरचे लोक तपासले, तर सर्वात आजारी माणसं आधीच मोजणीबाहेर गेलेली असतात. शिवाय जे टिकतात त्यांच्याच वाट्याला जास्त वर्षांचा संपर्क येतो. मग जास्त संपर्क असलेलेच जास्त निरोगी भासतात! नेहमीच्या सांख्यिकी दुरुस्तीनं हा गुंता सुटत नाही. संशोधक जेम्स रॉबिन्स यांनी 1986 मध्ये त्यासाठी वेगळी गणितपद्धत मांडली, ती याच अडचणीतून.

दुसऱ्या नोकरदारांशी किंवा त्याच कारखान्यातल्या कमी संपर्काच्या विभागाशी तुलना केली, तर भरतीच्या वेळचा फरक बराच निघून जातो. सोडून गेलेल्यांचा प्रश्न मात्र तरीही राहतो. त्यामुळे अहवाल हातात असेल तर आधी एवढंच शोधा: नोकरी सोडलेल्यांचा मागोवा किती वर्षं घेतला, आणि कामाला लागून वीसेक वर्षं झालेल्यांचे आकडे वेगळे दिलेत का? कर्करोग वर यायला बऱ्याचदा तेवढा काळ लागतो. हे दोन्ही नसेल, तर ‘अपेक्षेपेक्षा कमी’ या शब्दांवर कुणाचंही मास्क किंवा तपासणी बंद होऊ देऊ नका.