माफ करायला सांगणारं पुस्तक मिटून ठेव

पत्र:
मावशी, मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात माहेरी राहते. वय २९. नवऱ्यानं सात वर्षं मारलं. दोन वर्षांमागं पोरीला घेऊन निघून आली. आता भावाच्या वावरात आन् दुसऱ्याकडं कापूस वेचायला जाते. अंगणवाडीच्या ताईनं मन शांत कसं ठेवायचं त्याचं एक पुस्तक वाचनालयातून आणून दिलं. त्यात होतं, ज्यानं त्रास दिला त्याला माफ करा, राग म्हणजे तुम्हीच पिलेलं विष. मले इतका राग आला का ते पान फाडून चुलीत टाकलं. रात्री मोटारसायकलचा आवाज आला का हातपाय गार पडतात. तान्ह्या पोळ्याला तो दारू पिऊन आला होता, पोरीला पाह्यचं म्हणून. पोरीवर मी खेकसते, परवा तर हात उगारला. सकाळी उठावं वाटत नाही. कधी वाटते, झोपली तर उठूच नये. वहिनी म्हणते, पुस्तकं वाचून डोकं फिरलं हिचं. काहून माह्यावर एकही पुस्तक काम करत नाही? दुसरं कोणतं वाचू?

उत्तर:
बाई माझी,

तू पुस्तकाचं विचारलंस, पण मी आधी ‘झोपली तर उठूच नये’ ही ओळ धरते. ही नुसती थकलेल्या जिवाची इच्छा आहे, की स्वतःला संपवायचा विचार मनात येतो? स्वतःला सरळ विचार. उत्तर ‘हो’ असलं, तर आजच भावाला किंवा वहिनीला याच शब्दांत सांग, आडपडदा ठेवू नकोस. १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे मनाच्या त्रासावर फोनवरून मदत देणाऱ्या सेवेचा नंबर आहे. सरकारची ही सेवा २०२२ पासून चालू आहे. चोवीस तास, फुकट, आणि मराठीत बोलता येतं. आणखी एक काम आज अंधार पडायच्या आत कर. फवारणीचं औषध आपल्याकडे खाटेखाली, माळ्यावर, गोठ्यात, कुठंही पडलेलं असतं. भावाला सांग, ‘ते कुलपात ठेव आणि किल्ली माझ्याकडे देऊ नको.’ जीव नकोसा करणारा विचार बहुतेक वेळा थोडा वेळ जोर धरतो आणि मग ओसरतो. त्या वेळात हाताशी काही नसलं की माणूस तरून जातो. विदर्भातल्या किती घरांत हे कळायला उशीर झाला, ते तुला मी सांगायला नको.

आता त्या पानाचं. वाचनालयाचं पुस्तक फाडलं म्हणून तुझ्या जिवाला घोर लागला असेल, तर पुस्तक परत नेऊन दे, एक पान गेलंय एवढंच सांग, किंमत मागितली तर भर. कारण सांगायला तू बांधील नाहीस. पण त्या पानावर जे छापलं होतं, ते तुला त्या दिवशी कुणी सांगायलाच नको होतं. ज्यानं मारलं तो अजून सणासुदीला दारात येऊन उभा राहतो, त्यानं चूक कबूल केलेली नाही, आणि त्याला माफ करण्याचं काम मात्र तुझ्यावर? माफी द्यायची की नाही, कधी द्यायची, हे तू ठरवशील. कधीच दिली नाहीस तरी तुझं मन बरं होऊ शकतं. माफ केल्याशिवाय सुटका नाही असं जो कुणी सांगेल, तो पुस्तकातला असो की कीर्तनातला, त्याचं ऐकू नकोस.

राग तर यायलाच हवा होता. मार खाताना तो दाबून ठेवावा लागला, कारण तेव्हा उलट बोलणं म्हणजे आणखी मार. माहेरी आल्यावर जीव जरा सुरक्षित झाला आणि राग वर आला. सुटून आलेल्या पुष्कळ बायांचं असंच होतं. ‘आधी मी अशी नव्हती’ असं त्या म्हणतात आणि घाबरतात. आपल्याच बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली, ती संतापातूनच. सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेचा खटला गाजत होता, वर्तमानपत्रांत सगळ्या बाईच्या जातीवर ताशेरे चालले होते, ते वाचून त्यांनी लेखणी उचलली. सव्वाशेहून जास्त वर्षं झाली, तो राग अजून वाचला जातो. म्हणून रागाला विष म्हणू नकोस.

पण पोरीवर उगारलेला हात, त्याला मात्र मी पाठीशी घालणार नाही. राग ज्याच्यावर आहे तो समोर नाही आणि लेकरू समोर आहे, एवढंच त्याचं कारण आहे. तरी ते लेकरू सात वर्षांचा तो आवाज ऐकतच मोठं झालंय. डोक्यात तिडीक उठली की बोलायच्या आधी अंगणात निघून जा. वहिनीला सांगून ठेव, की मी न बोलता बाहेर गेली तर पोरीजवळ तू थांब. आणि परवाचं तसंच सोडू नकोस. पोरीला जवळ घेऊन सांग, ‘मी तुझ्यावर ओरडली, हात उगारला, ते माझं चुकलं, तुझं काही चुकलं नव्हतं.’ एवढं वाक्य तुला लहानपणी किंवा सासरी कुणी म्हटलं असतं तर काय झालं असतं, ते तुला ठाऊक आहे.

भीतीत दोन गोष्टी एकत्र झाल्यात, त्या वेगळ्या कर. मोटारसायकलच्या आवाजानं हातपाय गार पडणं, छातीत धडधडणं, दचकून उठणं, हे वेड नाही. तो आवाज आला की पुढं काय होतं, हे तुझ्या अंगानं शिकून ठेवलंय आणि धोका टळला तरी ते इशारा देत राहतं. मोठ्या आघातानंतर हे महिन्याहून जास्त चाललं तर डॉक्टर त्याला पीटीएसडी म्हणतात, आणि त्यावर इलाज आहे. आवाज आला की दोन्ही पाय जमिनीवर घट्ट टेक, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं तोंडानं घे, आज कोणता वार, मी कोणाच्या घरी, हे मोठ्यानं म्हण. अंगाला आजचा दिवस दाखवावा लागतो.

दुसरी भीती खरी आहे. तो खरंच येतो. तिला कोणत्याही पुस्तकात औषध नाही, तिला कागद लागतो. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा कायदा २००५ चा आहे आणि ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. माहेरी राहत असलीस तरी त्याखाली अर्ज करता येतो. न्यायालय संरक्षण आदेश देऊ शकतं, की त्यानं तुझ्या घरी, कामाच्या जागी यायचं नाही, फोन करायचा नाही. आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा २० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पोरीच्या खर्चाचंही त्यातच मागता येतं. अर्जासाठी महिला व बालविकास विभागाच्या संरक्षण अधिकाऱ्यांना किंवा जिल्ह्याच्या सखी केंद्रात, म्हणजे अत्याचार सोसलेल्या बायांना मदत करणाऱ्या सरकारी केंद्रात, भेट. वकिलाला द्यायला पैसे नाहीत म्हणून थांबू नकोस; बाईला तिची कमाई न बघता फुकट वकील मिळतो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचार. १८१ ही महिलांची हेल्पलाइन. तो दारात आलाच तर पोलिसांना थेट ११२ वर फोन कर.

आता तू विचारलंस ते. कोणतं वाचू? एकच एक नाव मी देणार नाही. पुस्तक कसं पारखायचं ते सांगते, म्हणजे पुढच्या वेळी कुणी काही आणून दिलं तर तुझं तुला ठरवता येईल. घरी आणायच्या आधी मधलं कुठलंही पान उघड आणि बघ, जे घडलं त्याचा बोजा कुणावर टाकलाय. ‘तुमचे विचार तसं तुमचं आयुष्य’ असं म्हणणारं पुस्तक परीक्षेला बसणाऱ्या पोराला चालेल; मार खाल्लेल्या बाईला ते आडून सांगतं की मार तुझ्याच विचारांनी ओढवला. घरातली शांतता बाईच्या हातात असते असं सांगणारंही नको. आणि ज्यात मारझोडीची वर्णनं पानंच्या पानं आहेत, ते कितीही खरं असलं तरी सध्या नको. चांगलं पुस्तक आधी तुला विचारतं की तू आज सुरक्षित आहेस का. मग भीती, राग, उदासी का येते ते साध्या भाषेत सांगतं, करून बघायला छोट्या गोष्टी देतं, आणि हेही सांगतं की कुठं थांबायचं आणि डॉक्टरकडे कधी जायचं. मराठीत विवेकनिष्ठ विचारपद्धतीवर, म्हणजे मनातला विचार खरा आहे का ते तपासून बघायच्या रीतीवर, बरंच लिहिलं गेलंय. अमेरिकेतल्या अल्बर्ट एलिस यांची ही पद्धत कि. मो. फडके यांनी आपल्याकडे रुजवली. ‘माझ्यातच खोट आहे’ हा जो विचार तुला दिवसभर पोखरतो, तो तपासायला ती कामी येईल. पण नवऱ्याचं वागणं गोड मानून घ्यायला ती वापरायची नाही.

वाचायचं कसं, हे मला निवडीइतकंच महत्त्वाचं वाटतं. विहिरीतला गाळ काढायला उतरणारा माणूस कमरेला दोर बांधतो आणि काठावर कुणाला तरी उभं करतो, तसं वाच. दिवसाउजेडी, घरात कुणी असताना, दहा-पंधरा मिनिटं. झोपायच्या आधी तर अजिबात नको. छाती धडधडायला लागली, कानात आवाज घुमला, एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचतेस असं झालं, की मिटून टाक. पुरं करायची कुणाची सक्ती नाही. सात वर्षं तुझ्या घरात कोणतीच गोष्ट तुझ्या मर्जीनं सुरू झाली नाही की थांबली नाही. हे पुस्तक तरी तुझ्या मर्जीनं उघडू दे आणि मिटू दे. मिटल्यावर हाताला काम दे. तूर निवड, भांडी घास, म्हशीला पाणी दाखव.

वाचवत नसेल तर लिही. जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये सहकाऱ्यासोबत एक प्रयोग छापला. त्यात लोकांनी सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं, मनावरचा घाव कागदावर उतरवला. लिहिलं त्या दिवशी जीव जड झाला, पण पुढच्या महिन्यांत ते डॉक्टरकडे कमी वेळा गेले. तुझ्या पोरीच्या वहीची मागची चार पानं पुरतील. शुद्धलेखन बघू नकोस, कुणाला दाखवू नकोस, चूल आहेच. लिहिल्यानं रात्री जास्त वाईट जाऊ लागल्या तर मात्र थांब.

इथं एक सांगून घेते, अजून त्याच घरात राहणाऱ्या बायांसाठी. असलं पुस्तक घरी नेऊ नका, फोनवर वाचलं तर खुणा पुसा. ते सापडल्यावर काय होईल, हे तुमच्याइतकं कुणाला कळत नाही. अंगणवाडीत, आशाताईकडे, वाचनालयात बसून वाचा.

शेवटचा प्रश्न, माझ्यावर पुस्तक काम का करत नाही. दोन आठवड्यांहून जास्त दिवस बहुतेक वेळ मन उदास, कशात रस नाही, झोप-भूक बिघडलेली, सकाळी उठवत नाही, याला नैराश्य म्हणतात, आणि त्यात लक्ष लागण्याची ताकदच आटते. वाचलेलं डोक्यात शिरत नाही, त्याला तू आळस समजतेस. अशा वेळी पुस्तक जोडीला ठीक आहे, इलाज म्हणून पुरत नाही. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मनोविकार विभाग विचार. गोळ्या दिल्या तर गुण यायला काही आठवडे लागतात. चार दिवसांत फरक नाही म्हणून सोडायच्या नाहीत, आणि बरं वाटलं म्हणून मनानं बंदही करायच्या नाहीत.

वेचणीच्या दिवसांत एक खाडा म्हणजे मजुरी गेली, हे मला कळतं. तरी हा खाडा कर, आणि वहिनीलाच सोबत ने. ती टोचून बोलते, पण रात्री तू दचकून उठतेस ते तीच बघते. डॉक्टरांसमोर तिलाही बोलू दे. तुझ्या ध्यानात नसलेलं तिच्या ध्यानात असेल. जाण्याआधी कागदावर मांडून ठेव: झोप किती लागते, जेवण किती जातं, आवाजानं काय होतं, मरणाचा विचार किती वेळा आला. डॉक्टरांच्या समोर बसलं की शब्द फुटत नाहीत. तसं झालं तर कागद तसाच पुढं कर.

तुझी मावशी