पप्पांना माफी मिळाली, मग काकांच्या जमिनीचं काय?

प्रश्न: जय ख्रिस्त. आम्ही नगर जिल्ह्यातले, चौथ्या पिढीचे ख्रिस्ती. २५ वर्षांपूर्वी धाकटे काका मुंबईला नोकरीला असताना माझ्या पप्पांनी त्यांच्या वाट्याची दीड एकर जमीन हक्कसोडपत्रावर सही घेऊन स्वतःच्या नावावर केली. काकांना वाटलं सोसायटीच्या कर्जाचा कागद आहे. मागच्या वर्षी पप्पांना अर्धांगवायू झाला. घरी प्रार्थनासभा होती तेव्हा बाहेरून आलेले एक बंधू सगळ्यांसमोर म्हणाले, हा देवाचा न्याय आहे. तेव्हापासून पप्पा रोज रडून क्षमा मागतात. भाऊ म्हणतो त्यांनी पश्चात्ताप केला, प्रभूने माफ केलं, आता जमिनीचा विषय काढू नको. मला झोप लागत नाही. हा खरंच न्याय आहे का? आणि तो आमच्या मुलांवरपण येणार का?

उत्तर: ताई, जय ख्रिस्त. आधी त्या बंधूंचं बघू, कारण मला राग आलाय आणि तो बाहेर पडल्याशिवाय पुढचं नीट लिहिता येणार नाही. आजारी माणसाच्या खाटेशेजारी उभं राहून, अख्ख्या सभेसमोर, देवाच्या वतीने निकाल वाचायला यांना कोणी सांगितलं? बायबलमध्ये संकटात सापडलेल्या ईयोबाचे मित्र हेच करत होते, तू काहीतरी केलं असशीलच, आणि शेवटी देव त्या मित्रांवरच चिडला. लूकच्या शुभवर्तमानाचा १३वा अध्याय काढा. रोमी सुभेदार पिलाताने गालीलातल्या काही माणसांना यज्ञ करतानाच मारलं ही बातमी लोक येशूला सांगतात, तर तो आणखी एक दुर्घटना काढतो, शिलोहातला बुरूज पडून १८ जण मेले ती, आणि विचारतो की यरुशलेमातल्या बाकीच्यांपेक्षा ते जास्त अपराधी होते का, आणि स्वतःच सांगतो की नाही. पण लगेच म्हणतो, तुम्ही पश्चात्ताप केला नाहीत तर तुमचाही नाश होईल. म्हणजे लोकांचं बोट मेलेल्यांकडे होतं ते त्याने उभ्या राहून बघणाऱ्यांकडे वळवलं. आजारपणावरून पापाचा हिशेब लावायचा नाही, एवढं मी तुम्हाला ठामपणे सांगतो. पप्पांची बीपीची गोळी मात्र चुकवू नका.

मुलांचं टेन्शन घेऊ नका. बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि मुलांचे दात आंबले, अशी एक म्हण इस्राएलात होती, आणि यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या १८व्या अध्यायात देव म्हणतो ही म्हण आता बंद करा, ज्याचं पाप त्याच्याच माथी. फक्त एक आहे ताई, पाप वारसाने येत नाही पण सातबारा येतो. उद्या त्या दीड एकरावर तुमचं आणि भावाचं नाव लागलं, आणि सगळं माहीत असून तुम्ही दोघं गप्प बसलात, तर ते पप्पांचं राहणार नाही, तुमचं होईल.

आता भावाचं म्हणणं. प्रभू क्षमा करतो हे खरंच आहे, त्यात मी एक शब्द कमी करणार नाही. पण जक्कय आठवा, यरीहोचा जकातदार, झाडावर चढलेला. येशू त्याला आधी खाली बोलावतो, आज तुझ्या घरी उतरणार म्हणतो, तोपर्यंत जक्कयाने एक रुपया परत केलेला नाही, म्हणजे कृपा आधी आली. पण ती घरात आल्यावर जक्कय रडत बसला असं लिहिलेलं नाही, तो उभा राहिला आणि म्हणाला, ज्याचं लुबाडलं त्याला चौपट परत करतो. याच्या उलट इस्राएलाचा अहाब राजा, नाबोथाचा मळा हडपला तो. एलीया संदेष्ट्याने खडसावल्यावर त्याने कपडे फाडले, गोणपाट नेसून उपास केला, आणि देवाने त्याचंही ऐकून अरिष्ट पुढे ढकललं, एवढा देव दयाळू. पण मळा परत दिल्याचं त्या अध्यायात कुठेच नाही. मला तो अध्याय वाचताना दर वेळी हेच खटकतं.

जमीन देऊन माफी विकत घ्यायची असं मी म्हणत नाहीये बरं का. पैशाने पापक्षमा मिळते या धंद्याविरुद्धच जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरने १५१७ साली ते ९५ मुद्दे लिहिले. पण त्यातला पहिलाच मुद्दा असा आहे की विश्वासणाऱ्याचं अख्खं आयुष्य पश्चात्ताप असावं, एका रात्रीचं रडणं नाही. हिब्रूत पश्चात्तापाचा शब्द आहे शूब, त्याचा साधा अर्थ मागे फिरणं, चालता चालता वळणं. पप्पांचे पाय आज चालत नाहीत पण फोन तर करता येतो ना? तुम्ही कानाला धरा, बोलू दे त्यांना, बोबडं असलं तरी त्यांच्याच तोंडून. वकील, बक्षीसपत्र, फेरफार हे सगळं त्यानंतर, आणि भावाला सोबत घेऊनच. बायबलच्या गणना पुस्तकाच्या ५व्या अध्यायात मूळ वस्तू आणि वर पाचवा हिस्सा परत द्यायला सांगितलंय, दीड एकराला तो १२ गुंठे होतो, तेवढं जमेल न जमेल ते घरात बसून ठरवा.

आणि काका फोनवर शिव्या देऊ शकतात. २५ वर्षं त्यांची गेलीत, त्यांना हक्क आहे. काकांनी फोन आपटला म्हणजे देवाने नाकारलं असं पप्पांना वाटू देऊ नका.

प्रश्न: आमच्या शेजाऱ्याने आयुष्यभर दारू पिऊन बायकोला मारलं, मरायच्या आदल्या रात्री पाळकांना बोलावून पश्चात्ताप केला. आता अंत्यविधीत सगळे म्हणाले तो स्वर्गात गेला. हा कसला न्याय?

उत्तर: बायबलमधल्या योना संदेष्ट्यालापण हेच झोंबलं होतं. निनवे शहराचा नाश व्हायला ४० दिवसांची मुदत होती, लोक बदलले, देवाने शिक्षा मागे घेतली आणि योना रागाने गावाबाहेर जाऊन बसला. देव त्याला विचारतो, एक लाख वीस हजारांवर माणसं आणि एवढी गुरंढोरं, मी यांची कीव करू नको का? पुस्तक तिथेच संपतं, योनाचं उत्तर नाहीच. खरं सांगायचं तर कधीकधी मीही त्याच्या शेजारी जाऊन बसतो. तो माणूस कुठे गेला ते ना पाळकांना माहीत ना मला. त्याची बायको मात्र तुमच्या शेजारीच राहते, आणि तिच्याकडे अंत्यविधीनंतर किती जण गेले ते तुम्ही लिहिलेलं नाही. या रविवारी उपासनेनंतर जाऊन या.