दोनदा फवारूनही आंबट चेरीत अळ्या निघाल्या. काय चुकलं, आणि पुढच्या हंगामात काय करू?

तुम्ही लिहिलंय की चाळीसेक झाडं आहेत, फळं लाल झाल्यावर दोन फवारण्या दिल्या, तरी काढणीला फळागणिक अळी निघाली. माझ्या बागेत सलग दोन हंगाम हेच झालं होतं. भरलेली क्रेट मातीत गाडताना जीव तुटतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

औषध बहुधा बरोबर होतं, वेळ हुकली. चेरीची फळमाशी फळ हिरव्याचं फिकट पिवळं होतानाच सालीखाली अंडी घालू लागते. अळी आत शिरल्यावर वरून मारलेली बरीचशी औषधं तिच्यापर्यंत पोचत नाहीत. लाल रंगाची वाट पाहिली तिथेच उशीर झाला.

आधी शत्रू नक्की करा. एक कप पाण्यात एक मोठा चमचा मीठ विरघळवा आणि मूठभर फळं किंचित दाबून त्यात टाका. पंधरा-वीस मिनिटांत अळ्या बाहेर येतात. एका फळात एकच, बिनपायाची, डोकं न दिसणारी पांढरी अळी बियाजवळ असेल तर ती फळमाशी. एकाच फळात तीन-चार बारीक अळ्या असतील तर ठिपकेदार पंखांची ड्रोसोफिला नावाची बारीक माशी. अळीचं डोकं तपकिरी आणि सालीवर चंद्रकोरीसारखा व्रण असेल तर सोंडकिडा; त्याचा बंदोबस्त पाकळ्या गळल्या की लगेच करावा लागतो.

फळमाशीची वर्षाला एकच पिढी होते. अळी फळातून खाली पडून मातीत दोन-चार सेंटीमीटरवर कोषात जाते आणि पुढच्या हंगामात माशी होऊन वर येते. वर आल्यावर अंडी घालायला तिला साधारण आठवडाभर लागतो. तुमच्या हातात आहे तो एवढाच आठवडा. फळं हिरवी असतानाच पिवळे चिकट सापळे उन्हाच्या बाजूला, झाडाच्या वरच्या भागात टांगा आणि एक दिवसाआड पाहा. पारदर्शक पंखांवर गडद पट्टे असलेली पहिली माशी चिकटली की त्याच आठवड्यात फवारा. मी आता तारीख पाहून फवारत नाही, सापळा पाहूनच फवारतो.

ड्रोसोफिलाचं गणित वेगळं. ही मूळची पूर्व आशियातली, २००८ च्या सुमारास अमेरिका आणि युरोपात दिसली. मादीकडे अंडी घालायला करवतीसारखा अवयव असतो, त्यामुळे ती धडधाकट फळही चिरते. भिंगातून पाहिलं तर सालीवर टाचणीच्या टोकाएवढं छिद्र आणि त्यातून डोकावणारे दोन पांढरे तंतू दिसतात. त्या अंड्याच्या श्वासनळ्या. उबदार हवेत दहा-पंधरा दिवसांत नवी पिढी तयार होते, म्हणून निव्वळ फवारणीवर ती आटोक्यात येत नाही. फळं पिकताच उतरवा, काढणी लांबवू नका, आणि काढलेला माल लगेच थंड करा. छाटणी करून झाडाच्या आत ऊन-वारा खेळू द्या, तिला दमट सावली फार मानवते. जमत असेल तर फुलोरा संपल्यावर एक मिलिमीटरपेक्षा बारीक छिद्रांची जाळी घाला, पक्षीही अडतात.

यातली कुठलीही माशी असो, झाडावर एकही फळ शिल्लक ठेवू नका. पडलेली फळं कंपोस्टात टाकू नका, पारदर्शक प्लास्टिक पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर कडक उन्हात ठेवा. फळमाशीचे काही कोष दोन-दोन हिवाळे मातीत टिकतात, तेव्हा एक वर्ष सफाई करून थांबलात तर परत पहिले पाढे.

फुलोऱ्यात कीटकनाशक अजिबात नको, मधमाश्या मरतात. मावा, म्हणजे पानांचा रस शोषणारी बारीक कीड, दिसली तरी हात आवरता घ्या. मावा खाणारे ढालकिडे असतील तर बरंचसं काम तेच करतात. आणि एकाच गटाचं, म्हणजे एकाच पद्धतीनं कीड मारणारं, औषध पुन्हा पुन्हा नको. काढणीआधी किती दिवस थांबायचं ते लेबलवर वाचूनच फवारा.

अळ्या एका फळात किती होत्या आणि डोकं तपकिरी होतं का, एवढं आठवून कळवा. त्यावरून पहिली फवारणी कधी धरायची ते सांगतो.