प्लेव्ह्नाचे १४३ दिवस: १८७७-७८ चं रशिया-तुर्की युद्ध नेमकं कुठे अडलं

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. दोन लाखांच्या घरातली रशियन फौज डॅन्यूब ओलांडून आली, तरी प्लेव्ह्ना नावाच्या एका गावापुढे पाच महिने का खोळंबली? शेवटी जिंकली, तर मग इस्तंबूल का घेतलं नाही? आणि या सगळ्याचा हिंदुस्थानशी खरंच काही संबंध होता का? वर एकांनी 'तुर्कांची शस्त्रं जुनाट होती, तरी रशियनांना जमलं नाही' असं एका ओळीत उरकलंय. शस्त्रांचं त्यांनी नेमकं उलटं सांगितलंय, आणि उत्तराची सुरुवात तिथूनच होते. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक घोळ निस्तरतो. रशियात तेव्हा जुनी दिनदर्शिका चालायची, आपल्या तारखेच्या १२ दिवस मागे. त्यामुळे प्लेव्ह्नावरचा तिसरा हल्ला तुम्हाला कुठे ३० ऑगस्टला सापडेल, कुठे ११ सप्टेंबरला. दोन्ही बरोबर. खाली सगळ्या तारखा नव्या आहेत. शक्य असेल तर बल्गेरियाचा डोंगर-नद्या दाखवणारा नकाशा शेजारी उघडा ठेवा. त्याशिवाय हे युद्ध कळत नाही.

कारणांत फार शिरत नाही. १८७५ मध्ये हर्झेगोव्हिनात उठाव झाला, १८७६ च्या एप्रिलमध्ये बल्गेरियात. बल्गेरियातला उठाव तुर्कांनी बाशीबुझुक (बेशिस्त, अनियमित सैनिकांच्या) टोळ्या सोडून चिरडला. बाताक गावात बायकापोरांसकट कत्तल झाली आणि तिच्या बातम्या लंडनच्या वर्तमानपत्रांत छापून आल्या. याचा परिणाम लक्षात ठेवा: तुर्कस्तानचा जुना पाठीराखा इंग्लंड, पण लोक इतके खवळलेले की १८७७ मध्ये पंतप्रधान डिझरायलीला सुलतानाच्या बाजूने उघडपणे उतरणं शक्यच नव्हतं. रशियाला ही संधी मिळाली आणि त्याने २४ एप्रिल १८७७ ला युद्ध पुकारलं. ही संधी कायमची नव्हती. रशियाला युद्ध लवकर संपवायचं होतं, सगळं गणित वेळेवर होतं.

क्रिमियन युद्ध हरल्यावर १८५६ च्या पॅरिसच्या तहाने रशियाला काळ्या समुद्रात आरमार ठेवायला बंदी घातली होती. ती रशियाने १८७० मध्ये झुगारून दिली, पण सात वर्षांत आरमार काही उभं राहत नाही. समुद्र तुर्कांचा. म्हणून फौज रुमानियातून पायी आणावी लागली. डॅन्यूबवर तुर्की लढाऊ नौका होत्या, त्यांना रशियनांनी सुरुंग आणि टोकाला स्फोटकाची काठी लावलेल्या लहान बोटी वापरून थोपवलं. २७ जूनच्या पहाटे स्विश्तोव्हजवळ नदी पार झाली, आणि अगदी स्वस्तात झाली. तुर्की सेनापती अब्दुलकरीम पाशा पूर्वेला रुस्चुक, सिलिस्ट्रा, शुमला आणि वारना या चार किल्ल्यांच्या भरवशावर बसून राहिला होता.

नदी ओलांडल्यावर रशियनांनी फौजेचे तीन तुकडे केले. युवराजाकडे पूर्वेची बाजू, जनरल क्रूडेनरकडे पश्चिमेची, आणि जनरल गुर्कोकडे सुमारे बारा हजारांची चपळ आघाडी, थेट बाल्कन पर्वत ओलांडण्यासाठी. गुर्कोने कमाल केली. ७ जुलैला तिर्नोवो घेतलं, एका आडवाटेच्या खिंडीतून पलीकडे उतरला आणि १९ जुलैला शिपकाची खिंड हातात आली. युद्ध पुकारून तीन महिने झाले नव्हते आणि इस्तंबूलचा रस्ता मोकळा दिसायला लागला होता. त्याच १९ जुलैला तुर्की सेनापती उस्मान पाशा प्लेव्ह्नात पोचला.

तो विदिनहून निघाला होता निकोपोल वाचवायला. बरोबर पंधरा हजारांच्या आसपास माणसं, सहा-सात दिवसांची भर उन्हाळ्यातली पायपीट. पण निकोपोल १६ तारखेलाच पडलं होतं, म्हणून तो दक्षिणेला प्लेव्ह्नाला थांबला. हे गाव म्हणजे किल्ला नव्हे. ना तट, ना बुरूज. टेकड्यांच्या खोलगट भागात वसलेलं, पण रस्ते एकत्र येतात असं ठिकाण. तिथे फौज असली की डॅन्यूबवरचा रशियन पूल आणि शिपकाकडे गेलेली रसदवाट, दोन्हींच्या कुशीत काटा. क्रूडेनरला ते आधी रिकामं मिळालं असतं. त्याने घेतलं नाही. या युद्धातली सगळ्यांत महागडी चूक कोणती असं मला विचाराल तर हीच.

२० जुलैला पहिला हल्ला झाला. समोर किती माणसं आहेत हेही न बघता रशियनांनी एक डिव्हिजन पुढे घातली आणि अडीच-तीन हजार माणसं गमावली. ३० जुलैला दुसरा हल्ला, या वेळी सात हजारांच्या आसपास गेली. मधल्या दहा दिवसांत उस्मानने काय केलं? खणलं. दिवसरात्र खणलं. टेकड्यांवर मातीचे मोर्चे (लहान गढ्या), त्यांच्यापुढे खंदक, एका खंदकाला आधार देणारा दुसरा. तोफगोळा मातीत शिरायचा आणि तिथेच विरायचा.

आता त्या 'जुनाट शस्त्रां'बद्दल. तुर्की पायदळाकडे पीबॉडी-मार्टिनी रायफल होती, अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडच्या कारखान्यात बनलेली. तिची निशाणपट्टी दीड किलोमीटरच्याही पुढची होती. बहुतेक रशियन पायदळाकडे क्रन्का, जुन्या बंदुकीत बदल करून केलेली, आणि साध्या शिपायाच्या क्रन्कावर निशाणपट्टी फक्त ६०० पावलांपर्यंतची. चांगली बर्दान रायफल रशियाकडे होती, पण ती सगळ्यांना मिळाली नव्हती. तोफांतही तेच: तुर्कांकडे क्रुपच्या पोलादी, रशियनांकडे बऱ्याचशा काशाच्या. विंचेस्टर रायफलींचं मात्र लोक फुगवून सांगतात. त्या होत्या, जवळ आलेल्या शत्रूवर धडाधड चालवल्याही गेल्या, पण प्लेव्ह्ना लढवलं ते मार्टिनीने.

तुर्की पद्धत अशी की खंदकात प्रत्येकाजवळ काडतुसांच्या पेट्या उघडून ठेवायच्या आणि रशियन रांग दोन किलोमीटरवर दिसली की नेम न धरता नुसता वर्षाव करायचा. अशा गोळीबारात एकेक गोळी वाया जाते, पण हजारो बंदुका एका पट्ट्यावर चालल्या की तो पट्टा ओलांडणारा माणूस वाचत नाही. रशियन शिकवण होती 'गोळी वेडी, संगीन शहाणी' (सुव्होरोव्हच्या काळापासूनची). दाट रांगा, ढोल, निशाण, आणि संगिनी रोखून चाल. संगीन वापरायला समोरचा माणूस हाताच्या अंतरावर यावा लागतो, आणि तिथवर पोचेपर्यंत पलटणीचा एक मोठा हिस्सा खाली पडलेला असायचा. शिवाय बहुतेकांकडे खणायला फावडीसुद्धा नव्हती. जिंकलेल्या मोर्चात माणसं संगिनीने आणि जेवणाच्या डब्याने माती उकरायची, असं तिथे असलेल्यांनी लिहून ठेवलंय.

तिसरा हल्ला ११ सप्टेंबरचा. रुमानियाची फौज आता बरोबर होती, तिचा राज्यकर्ता प्रिन्स कॅरल नावाला सरसेनापती. ऐंशी हजारांवर माणसं, चारशेच्या वर तोफा, चार दिवस अखंड मारा. हल्ल्याचा दिवस मुद्दाम झार अलेक्झांडर दुसरा याच्या नामदिनाचा (ज्या संतावरून नाव ठेवलं त्याच्या सणाचा) निवडला, आणि तो स्वतः टेकडीवर बसून बघत होता. पाऊस, चिखल, धुकं. रुमानियनांनी ग्रिवित्साचा एक मोर्चा घेतला आणि मग कळलं की त्याच्या मागे दुसरा आहे, नकाशात नसलेला. दक्षिणेकडे पांढऱ्या घोड्यावरच्या जनरल स्कोबेलेव्हने दोन मोर्चे घेतले. तिथून गाव अक्षरशः समोर दिसत होतं. त्याने कुमक मागितली, पुन्हा मागितली. राखीव पलटणी उभ्या होत्या, त्या आल्या नाहीत. चोवीस तासांत तुर्कांनी एकामागून एक उलट हल्ले करून मोर्चे परत घेतले. सोळा हजारांच्या आसपास माणसं या एका हल्ल्यात गेली. चित्रकार व्हेरेश्चागिनचा भाऊ सेर्गेई त्यातच मारला गेला. हा व्हेरेश्चागिन तोच, हिंदुस्थानात येऊन ताजमहाल रंगवून गेलेला.

त्यानंतर म्हाताऱ्या टोटलेबेनला बोलावलं. सेवास्तोपोलची तटबंदी उभारणारा हाच इंजिनियर. त्याने पाहणी केली आणि चौथा हल्ला करायचा नाही, उपाशी मारायचं असं ठरवलं. म्हणजे फावड्याला फावड्याने उत्तर. गुर्कोने २४ ऑक्टोबरला गोर्नी दुब्निक घेऊन पश्चिमेची रसदवाट तोडली. इथे उस्मानच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी: वाट मोकळी होती तेव्हाच त्याने माघारीची परवानगी मागितली होती. इस्तंबूलने नाकारली. प्लेव्ह्नाचं नाव युरोपभर गाजत होतं, ते सुलतानाला सोडवेना. १० डिसेंबरला अन्न संपल्यावर त्याने विद नदी ओलांडून वेढा फोडायचा प्रयत्न केला. पहिली रशियन फळी फोडलीही, पण पायाला गोळी लागली आणि सगळं थांबलं. चाळीस हजारांवर माणसं शरण आली. झारने त्याची तलवार त्याला परत दिली, याच्या गोष्टी सगळे सांगतात. त्याचे हजारो शिपाई कैदी म्हणून रुमानियाकडे चालवत नेताना बर्फात मेले, ते फारसं कुणी सांगत नाही.

शिपकाकडे वळतो. सुलेमान पाशाची फौज तुर्कांनी माँटेनेग्रोच्या बाजूने समुद्रमार्गे आणली (आरमाराचा उपयोग इथे दिसतो), आणि तिने गुर्कोला डोंगरापलीकडे ढकललं. स्टारा झागोरा जळालं. मग २१ ऑगस्टपासून सुलेमानने शिपकावर हल्ले चढवले. वर जेमतेम पाच-सहा हजार, त्यांत निम्म्याच्या आसपास बल्गेरियन स्वयंसेवक. खाली त्यांच्या पाचपट. २३ तारखेला वरच्यांची काडतुसं संपली तेव्हा दगड, ओंडके, शेवटी मेलेल्यांची प्रेतंही खाली लोटली गेली. संध्याकाळी जनरल रादेत्स्कीची कुमक आली, पुढचे शिपाई कोसॅकांच्या घोड्यांवर दोघे-दोघे बसून. खिंड टिकली, पण खरा शत्रू नंतर आला: थंडी. बाराशे मीटर उंचीवर, हिवाळी कपड्यांशिवाय. एकेका रेजिमेंटची शेकडो माणसं हिमदंशाने निकामी झाली आणि वर कळवलं जात होतं, 'शिपकावर सर्व शांत'. व्हेरेश्चागिनने याच शब्दांवर तीन चित्रं केली: पहारेकरी उभा, मग गुडघ्यावर, मग बर्फाचा ढिगारा.

सुलेमानची फौज खडकावर डोकं आपटण्यात संपली, ती प्लेव्ह्नाच्या मदतीला गेली असती तर? तुर्कांचं अपयश इथे आहे. शिपाई उत्तम, बंदुका उत्तम, पण उस्मान, सुलेमान आणि पूर्वेचा मेहमेत अली (हा मूळचा माग्डेबुर्गचा जर्मन) हे तिघे कधी एका योजनेने लढलेच नाहीत.

काकेशसची आघाडी थोडक्यात: मे महिन्यात अर्दहान पडलं, जूनमध्ये झिविनला रशियन हरले आणि मागे हटले, ऑक्टोबरात अलाजा डागला अहमद मुख्तार पाशाचा मोड झाला, आणि १७-१८ नोव्हेंबरच्या रात्री कार्सचा किल्ला एका रात्रीत चढून घेतला. प्लेव्ह्नाशी तुलना करा: कार्सला रशियन अंधारात गेले, म्हणून लांबून मारणाऱ्या बंदुका निरुपयोगी ठरल्या.

प्लेव्ह्ना पडल्यावर बाकी सगळं महिन्याभरात कोसळलं. गुर्कोने ऐन हिवाळ्यात, तोफा दोरांनी ओढत बाल्कन ओलांडला. ४ जानेवारीला सोफिया पडलं, ९ ला शिपकाच्या पायथ्याशी शेनोवोला वेसेल पाशा शरण आला, २० ला एड्रियानोपल गेलं. या माघारीत मुसलमान गावांतली लाखो माणसं बर्फातून इस्तंबूलकडे पळत सुटली. बाताकचे हुंदके युरोपने ऐकले, यांचे फारसे ऐकले नाहीत. ३१ जानेवारीला युद्धबंदी झाली. रशियनांचे जेवढे लढाईत मेले त्याच्या कितीतरी पट टायफस आणि हगवणीने मेले.

आता दुसरा प्रश्न. इस्तंबूल समोर दिसत होतं, पण फेब्रुवारीच्या मध्यावर ब्रिटिश लढाऊ जहाजं दार्दानेल्स ओलांडून मार्मारा समुद्रात येऊन उभी होती. पाच महिन्यांत इंग्लंडचं मत फिरलं होतं. बाताकवरून रडणारे लोक आता 'शूर उस्मान'चे पोवाडे गात होते. ऑगस्टमध्ये रशियन तिथे पोचले असते तर त्यांना कोण अडवणार होतं, मला दिसत नाही. फेब्रुवारीत फौज थकलेली, आजारी, तिजोरी रिकामी, आणि ऑस्ट्रिया पाठीशी नव्हे, पाठीमागे धोका बनून उभा. ३ मार्च १८७८ ला सान स्टेफानोचा तह झाला, त्यात एजियन समुद्रापर्यंतचा विशाल बल्गेरिया होता. जुलैत बर्लिनच्या परिषदेत त्याचे तुकडे पाडले गेले. 'युद्धात जिंकले, तहात हरले' हे वाक्य आपण आपल्या इतिहासाबद्दल फार वापरतो, रशियन लोक बर्लिनबद्दल जवळजवळ तसंच बोलतात. अर्थात बातुम, कार्स आणि दक्षिण बेसाराबिया मिळालं, रुमानिया, सर्बिया आणि माँटेनेग्रो स्वतंत्र झाले, त्यामुळे पूर्ण हरले म्हणणंही खरं नाही. गंमत अशी की या युद्धात न लढता ऑस्ट्रियाने बोस्निया आणि इंग्लंडने सायप्रस पदरात पाडून घेतलं.

आणि हिंदुस्थान? संबंध आहे, आणि तो मुंबईच्या गोदीतून जातो. रशियाला धमकावायला डिझरायलीने १८७८ च्या वसंतात सुमारे सात हजार हिंदी सैनिक मुंबईहून सुएझमार्गे माल्टाला पाठवले. त्यांत मुंबई फौजेच्या पलटणी होत्या. लढाई झाली नाही, त्यांतलेच पुढे सायप्रसचा ताबा घ्यायला गेले. याला उत्तर म्हणून रशियाने मध्य आशियातून हालचाल केली आणि एक शिष्टमंडळ काबूलला पाठवलं, ते जुलै १८७८ मध्ये पोचलं. त्याचा प्रमुख होता जनरल स्टोलेतोव्ह, शिपकाच्या खिंडीत बल्गेरियन स्वयंसेवकांचं नेतृत्व करणारा तोच. अमिराने रशियन वकील घेतला आणि ब्रिटिश वकिलाला खैबरवरून परत पाठवलं, म्हणून नोव्हेंबरात दुसरं अफगाण युद्ध पेटलं. त्याच युद्धात २७ जुलै १८८० ला मैवंदच्या मैदानावर बॉम्बे ग्रेनेडियर्स आणि जेकब्स रायफल्स या मुंबई फौजेच्या दोन पलटणींची शेकडो माणसं कापली गेली.