थायलंडला इंग्रजी शिकवत सेवा करायची आहे? आधी व्हिसाचं अक्षर ठरवा

जय ख्रिस्त, ताई. तुमचा प्रश्न असा: बी.ए., बी.एड. आहे, नगरला ५ वर्षं इंग्रजी शिकवताय, मंडळीचा (चर्चचा) पाठिंबा आहे आणि पुढच्या मेपासून थायलंडमध्ये इंग्रजी शिकवत मिशनरी सेवा करायची आहे. नवरा आणि ४ वर्षांची मुलगी बरोबर येणार. सुरुवात कुठून करावी?

व्हिसापासून. नॉन-इमिग्रंट ‘बी’ हा नोकरीसाठी, ‘आर’ हा धर्मकार्यासाठी. ‘आर’साठी मान्यताप्राप्त संस्थेचं बोलावणं आणि तिथल्या धर्मविषयक खात्याचं पत्र लागतं. सरकारने ओळखलेले ख्रिस्ती गट ५ आहेत: कॅथलिक, चर्च ऑफ क्राइस्ट इन थायलंड, इव्हॅन्जेलिकल फेलोशिप ऑफ थायलंड, बाप्टिस्ट आणि सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट. नोंदणीकृत मिशनऱ्यांची संख्याही ठरवून दिलेली असते, त्यामुळे यांपैकी कुणाच्या छत्राखाली नसलेल्या मंडळीने कितीही प्रेमाने बोलावलं तरी ‘आर’ निघत नाही. तुमचं शिक्षण आणि अनुभव पाहता ‘बी’ घ्यावा, आणि शक्यतो मिशन शाळेत नोकरी बघावी. बँकॉक क्रिश्चन कॉलेजसारखी शाळा अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने १८५२ साली सुरू केली. अशा शाळा आजही नावाजलेल्या आहेत. पण मिशन शाळा म्हणजे ख्रिस्ती मुलांची शाळा असं धरून जाऊ नका. देशात ख्रिस्ती लोक जेमतेम १ टक्का, वर्गातली बहुतेक मुलं बौद्धच असणार.

‘बी’ व्हिसा म्हणजे कामाचा परवाना नव्हे, आणि बहुतेकांची इथेच गफलत होते. व्हिसावर पहिले ९० दिवस मिळतात. वर्क परमिट कामगार खात्याकडून वेगळं निघतं, आणि ते हातात आल्यावर इमिग्रेशनमध्ये १९०० बाट (थाई चलन) भरून मुक्काम वर्षभर वाढतो. ‘पर्यटक म्हणून ये, नंतर बघू’ असं कुणी म्हणालं, मग तो पाळक का असेना, तर नाही म्हणा. विनापरवाना काम करणाऱ्याला ५,००० ते ५०,००० बाट दंड होतो आणि वर देशाबाहेर काढतात. पगार घेतला नाही म्हणजे ते काम नव्हे, हाही गैरसमजच. शनिवारी चर्चमध्ये फुकट इंग्रजीचा वर्ग घ्यायचा असला तरी शाळेच्या कार्यालयात आधी विचारा आणि ते परवान्यात बसतं का ते बघा.

कागदांना वेळ लागतो, तेव्हा हे काम आत्ताच काढा. पदवी आणि गुणपत्रिका यांवर आधी मंत्रालयातला राज्याचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचा. त्यापुढे थाई वकिलातीचा लागतो का ते शाळेकडून लेखी मागून घ्या. पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट सेवा केंद्रातून, फी ५०० रुपये. तो फार लवकर काढू नका, जुना झालेला चालत नाही. पदवी खरी असल्याचं विद्यापीठाचं पत्र बऱ्याचदा मागतात आणि तेच सगळ्यांत जास्त रखडतं.

आपल्याकडची खास अडचण नावाची. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर लग्नानंतरचं आडनाव आणि मधे नवऱ्याचं नाव. थाई कारकुनाला या दोन वेगळ्या बाया वाटतात, आणि त्यात त्याची चूक काहीच नाही. विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र, गॅझेट असेल तर तेही, इंग्रजीत आणि शिक्क्यांसह याच गठ्ठ्यात ठेवा. नवऱ्याचा पासपोर्ट जुना असेल तर त्यावर ‘ईसीआर’ (कामासाठी परदेशी जाण्याआधी सरकारी तपासणी हवी, अशी नोंद) आहे का बघा. ही तपासणी लागणाऱ्या देशांच्या यादीत थायलंड आहे. दहावी झालेली असली तर ती नोंद काढून घेता येते.

आता शिक्षकाचा परवाना. तो खुरुसफा म्हणजे तिथली शिक्षक परिषद देते. बहुतेक परदेशी शिक्षक शाळेमार्फत मिळणाऱ्या दोन वर्षांच्या तात्पुरत्या परवानगीवर सुरुवात करतात. तुमचं बी.एड. पुढे कायम परवान्यासाठी उपयोगी पडेल, म्हणून त्याच्या कागदांवरही शिक्के घ्याच. भारतीय पासपोर्टवाल्याला ‘मूळ इंग्रजी भाषक’ धरत नाहीत, त्यामुळे टोइक ही इंग्रजीची परीक्षा मागतात. अपेक्षा साधारण ९९० पैकी ६००. तुम्हाला ते जड नाही, पण गुणपत्रक दोनच वर्षं चालतं. १२० तासांचा टेफल (इंग्रजी शिकवण्याचा अभ्यासक्रम) कायद्याने सक्तीचा नाही, तरी शाळा विचारतात. पैसे घालायचेच असतील तर प्रत्यक्ष मुलांसमोर धडा घ्यायला लावणारा अभ्यासक्रम घ्या. सेल्टा या अशाच अभ्यासक्रमात ६ तास शिकवून दाखवावं लागतं, ते खरं कामाचं.

पगाराचं स्पष्टच सांगते. मूळ भाषक नसलेल्यांना बरेचदा २० ते ३० हजार बाट देऊ करतात, त्याच कामाला गोऱ्या शिक्षकाला जास्त. हा अन्याय आहे, आणि तो मिशन शाळांतही दिसतो. करारात तीन गोष्टी बघा: पगार १२ महिन्यांचा की १०, वर्क परमिटची फी कोण भरणार, आणि नोकरी शाळेची की एजन्सीची. एजन्सी असली की मार्च-एप्रिलच्या सुट्टीत पगार बंद, हे ठरलेलं. नवरा आणि मुलगी ‘ओ’ व्हिसावर येतील. त्यावर नवऱ्याला काम करता येत नाही. मंडळीच्या ट्रस्टला करसवलत असेल तर तिकडून दरमहा मदत येईल असं गृहीत धरू नका. धर्मादाय संस्थेला आपलं उत्पन्न भारताबाहेर खर्च करायला सहसा खास मंजुरी लागते. पहिल्या ३ महिन्यांचा घरखर्च स्वतःजवळ हवा.

वर्गात ४०-५० मुलं असतात, ते तुम्हाला नवं नाही. नवं आहे ते उच्चारांचं. थाई शब्दाच्या शेवटी प, त, क, म, न, ङ आणि य, व एवढीच व्यंजनं टिकतात. म्हणून ‘बिल’चं ‘बिन’ होतं, ‘स्कूल’चं ‘सकून’, आणि शेवटचा ‘स’ एकतर गळतो नाहीतर ‘त’ होतो. मूल आळस करत नाही, त्याच्या भाषेत तो आवाज त्या जागी बसतच नाही. ‘राइस’, ‘राइट’, ‘राइड’ अशा जोड्या घेऊन रोज ५ मिनिटं शेवटचं व्यंजन ऐकू येईपर्यंत म्हणून घ्या. आपलंही एक दुखणं आहे: मराठी माणूस ‘वाइन’ आणि ‘व्हाइन’ एकाच ‘व’ने म्हणतो. थाईमध्ये दात ओठावर टेकून काढायचा ‘व्ह’ नाहीच, म्हणजे तुम्ही चुकलात तर ती चूक वर्गात कुणाच्या लक्षातच येणार नाही. आधी स्वतःची जीभ सुधारा.

त्या बदल्यात थाई शिकायला आपण भाग्यवान. क-ख, त-थ, प-फ हा भेद इंग्रजांना महिनोन्महिने जमत नाही, आपल्याला आईच्या दुधातून मिळालाय. लिपीचा क्रमही ओळखीचा. शिक्षकाला ‘ख्रू’ म्हणतात, तो आपला गुरूच. ‘विथयालय’, ‘फासा’, ‘आचान’ हे विद्यालय, भाषा, आचार्य. शब्दाचा अर्थ मात्र सुरावर बदलतो, तिथे कष्ट आहेत.

सकाळी ८ वाजता झेंडा आणि राष्ट्रगीत, पाठोपाठ बऱ्याच शाळांत बौद्ध प्रार्थना. शांत उभं राहावं. म्हणण्याची सक्ती नसते, पण चुळबूळ खटकते. मुलाच्या डोक्याला हात लावू नका, कौतुकानेसुद्धा. भिक्खूला स्त्रीने स्पर्श करायचा नसतो. राजघराण्याबद्दल गंमतीतही बोलू नका. कलम ११२ खाली प्रत्येक गुन्ह्याला ३ ते १५ वर्षं शिक्षा आहे. जूनमध्ये ‘वाय ख्रू’ला मुलं गुडघ्यावर येऊन फुलं देतात, ती घ्या. तो शिक्षकाचा मान आहे, पूजा नव्हे.

राहिली सुवार्ता. वर्गात साक्ष देऊ नका, व्याकरणाच्या वाक्यांत वचनं पेरू नका. हे भित्रेपणाने सांगत नाही. १८३९ मध्ये मुंबईत स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सनच्या शाळेतल्या दोन पारशी मुलांनी बाप्तिस्मा घेतला आणि बाकीच्या पारशी घरांनी मुलं शाळेतून काढून घेतली, हा आपल्याच इतिहासातला धडा. पालकांनी मूल इंग्रजीसाठी पाठवलंय, तो करार पाळायचा. मिशन शाळेत उपासनेचा तास आणि शाळेचे पाळक असतात, तिथे बोलावलं तर जा. चर्चच्या वर्गाच्या पत्रकावर चर्चचं नाव मोठ्या अक्षरात छापा आणि पवित्र शास्त्र वाचणार असाल तर तेही लिहा. ‘मोफत इंग्रजी’ म्हणून बोलवायचं आणि आत गेल्यावर प्रवचन द्यायचं, हा प्रकार तिथे लोकांना चांगला माहीत झालाय. कुणी स्वतःहून विचारलं, तर शाळेबाहेर आणि मोठ्या माणसाशी मोकळेपणाने बोला.

पोचल्यावर घरमालकाने २४ तासांत तुमची नोंद करायची असते, त्याचा कागद मागून घ्या. पुढच्या कामांना इमिग्रेशन तोच मागतं. दर ९० दिवसांनी पत्ता कळवायचा. नाताळाला घरी यायचं तर निघण्याआधी री-एंट्री परमिट, एकदाचं १००० बाट, अनेकदाचं ३८००. ते न घेता देश सोडला की वर्षाचा मुक्काम रद्द होतो आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. नोकरी सुटली तर मुक्कामही त्याच दिवशी संपतो. १९०० बाटांत ७ दिवस जास्तीचे मिळतात, तेवढ्यात तिघांनी आवरायचं.

पहिलं सत्र मेच्या मध्याला सुरू होतं, शाळा फेब्रुवारीपासून माणसं शोधतात. शिक्के आणि टोइक जानेवारीपर्यंत झाले नाहीत, तर मे सोडून द्या आणि नोव्हेंबरचं सत्र धरा.