पुस्तिकेतलं ९१ आणि पंपावरचं ९१

प्रश्न : माझ्याकडे सुपरचार्जर असलेली जेट स्की आहे. तिच्या पुस्तिकेत ‘प्रीमियम, किमान ९१ ऑक्टेन’ असं छापलंय. पंपावरचं साधं पेट्रोल तेव्हा ९१ ऑक्टेनचंच असायचं म्हणून मी तेच भरत आलो. वॉरंटी चालू असतानाच एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन गेलं. ‘चुकीचं इंधन वापरलंत, वॉरंटी लागू नाही’ असं डीलर फोनवर म्हणाला. आता इंजिन खोलायला जॉबकार्डवर सही मागतोय. सुट्टीत कधीतरी मी पैसे घेऊन ओळखीच्यांना फेरी मारून आणतो, तेही त्याला ठाऊक आहे. मी काय करावं?

उत्तर : सही करू नका. निदान आहे त्या मजकुरावर तरी नको. कारण पुढे सांगतो, आधी त्या ९१ चा घोळ पाहू. तुमचं प्रकरण उभं राहणार की पडणार, ते त्या आकड्यावरच ठरेल.

ऑक्टेन म्हणजे पेट्रोल अवेळी पेटण्याला किती विरोध करतं त्याचं माप. ते मोजायच्या पद्धती दोन आहेत, ‘रॉन’ आणि ‘मॉन’. आपल्याकडे पंपावर लिहितात तो आकडा रॉनचा. अमेरिकेत या दोन्हींची सरासरी लिहितात आणि तिला ‘एकेआय’ म्हणतात. त्यामुळे एकाच पेट्रोलाचे दोन आकडे होतात : रॉनने ९१ असलेलं पेट्रोल एकेआयने साधारण ८७ भरतं आणि एकेआयचं ९१ म्हणजे रॉनचं जवळपास ९५. सुपरचार्जर असलेल्या, म्हणजे हवा दाबून भरणाऱ्या इंजिनांना बहुधा हे दुसरं लागतं. म्हणजे तुम्ही आकडा बरोबर पाळलात, पण इंजिनाला हवं होतं त्याहून हलकं, म्हणजे कमी ऑक्टेनचं पेट्रोल भरलंत, अशी शक्यता दाट आहे.

आता पुस्तिका पुन्हा उघडा, इंधनाचं पान आणि टाकीच्या झाकणाजवळचं लेबल दोन्ही नीट वाचा. ९१ च्या पुढे ‘एकेआय’ किंवा ‘आर अधिक एम भागिले दोन’ असं सूत्र आहे का? शेजारी ‘९५ रॉन’ छापलंय का? तसं असेल तर तुमची बाजू लंगडी आहे, हे आत्ताच ऐकून ठेवा. नुसताच ९१ असेल तर मात्र चित्र पालटतं. छापील करारातली संदिग्धता ज्याने मजकूर लिहिला त्याच्या विरुद्ध वाचायची, हा करारकायद्यातला जुना नियम आहे. ‘प्रीमियम’ शब्द तर होता, मग साधं का भरलंत, असा प्रतिवाद येईलच. त्याला उत्तर हेच की आकडा दिला असताना माणूस आकडाच पाहतो. शिवाय इथे विकलेल्या यंत्राची पुस्तिका इथल्या पंपाच्या मापात नसेल आणि विकतानाही कुणी ते सांगितलं नसेल, तर महत्त्वाची माहिती दडवली, म्हणजेच सेवेत त्रुटी ठेवली, असा मुद्दा ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली मांडता येतो.

दुसरा मुद्दा मला जास्त वजनदार वाटतो. हलकं पेट्रोल भरलं एवढं दाखवून डीलरचं भागत नाही, इंजिन त्यानेच गेलं हेही दाखवावं लागेल. अपवादाच्या कलमाआड जो लपतो, त्याच्यावर ते सिद्ध करायचा भार, असं न्यायालयं विम्याच्या दाव्यांत नेहमी सांगतात. तोच तर्क इथे मांडा. नॉकिंगने, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटून बसलेल्या धक्क्यांनी मोडलेल्या इंजिनात खुणा सापडतात : पिस्टनच्या माथ्यावर खड्डे, तुटलेल्या रिंग-लँड (पिस्टनवरच्या रिंगांमधल्या कडा), स्पार्क प्लगचं तडकलेलं पोर्सिलेन. पण वाळू किंवा शेवाळ अडकून थंड पाण्याची वाट बंद झाली, तेल कमी पडलं, इंजेक्टर चोंदून मिश्रण पातळ झालं, तरीही सिलिंडर जातो. अनेक इंजिनांत नॉक सेन्सर असतो आणि तो इग्निशन मागे घेऊन, म्हणजे ठिणगीची वेळ बदलून काही प्रमाणात इंजिन सांभाळतो. त्याची नोंद ईसीयूत, म्हणजे इंजिनाच्या संगणकात राहिली असेल तर ती मागा.

म्हणूनच ती सही नको. ‘खोलण्यास संमती, निष्कर्ष मान्य’ असं वाक्य जॉबकार्डात असू शकतं. असेल तर ते खोडून ‘तपासणीसाठी संमती, निष्कर्ष मान्य नाही, सुटे भाग माझ्याकडे परत द्यावेत’ असं लिहा आणि मगच सही करा. खोलताना स्वतः हजर राहा, जमल्यास तुमचा मेकॅनिक बरोबर न्या, फोटो काढा. टाकीतल्या पेट्रोलाचा नमुना दोघांसमक्ष, जाणकाराच्या हातून काढून सील करून घ्या. इथेनॉल पाणी ओढून घेतं, त्यामुळे जुन्या नमुन्याला अर्थ उरत नाही. ग्राहक आयोगाला गरज वाटली तर कलम ३८ खाली तो वस्तू प्रयोगशाळेत तपासून घेऊ शकतो, पण तोवर पुरावा शिल्लक तर हवा!

इथेनॉलचाही धोका लक्षात ठेवा. अशा इंजिनांच्या पुस्तिकांत बहुधा १० टक्क्यांची मर्यादा असते आणि आपल्याकडच्या साध्या पेट्रोलात आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. डीलर उद्या ऑक्टेन सोडून हे कारण पुढे करील. म्हणून आजच त्याच्याकडून नकाराचं कारण ईमेलवर मागून घ्या. फोनवरच्या बोलण्याला पाय फुटतात, लेखी कारण बदललं की ते नजरेत भरतं.

पैसे घेऊन मारलेल्या फेऱ्यांबद्दल : हा तुमचा सगळ्यात कच्चा दुवा आहे. व्यापारी कारणासाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार ग्राहक ठरत नाही. अपवाद आहे तो स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगाराने वापरण्याचा, पण तुमचा दावा तो नसावा. मुख्य वापर खासगी आणि फेऱ्या तुरळक असतील तर तग धरता येईल. तक्रारीत ही गोष्ट लपवू मात्र नका. डीलरने ती पुढे आणली की तुमच्या उरलेल्या म्हणण्यावरचाही विश्वास जातो. वॉरंटीतही भाड्याने वापरण्यावर बंदी आहे का, ते पाहा.

आधी डीलर आणि उत्पादक दोघांना नोटीस द्या. तक्रारीची मुदत दोन वर्षांची. ती नकाराच्या दिवसापासून नव्हे, इंजिन बंद पडलं त्या दिवसापासून धरा म्हणजे वाद उरणार नाही. तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगात दाखल करता येते. पेट्रोलच्या पावत्या असतील तर जुळवून ठेवा. आणि ती पुस्तिका डीलरकडे असेल तर आजच जाऊन परत आणा.