माफीची ई अँड टीसी की साडेसहा लाखांचं कॉम्प्युटर?

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यात काम करणाऱ्या एका वडिलांचा प्रश्न आहे. लेकीला इंजिनिअरिंगच्या कॅप राउंडमधून (सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतून) सोलापुरातच ई अँड टीसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन मिळालंय. तिला कॉम्प्युटर हवंय, पण ते मॅनेजमेंट कोट्यातून, म्हणजे कॉलेज स्वतः भरतं त्या जागांवर, वर्षाला 1,60,000 रुपयांना मिळतंय. घरचं उत्पन्न वर्षाला 3,20,000, प्रवर्ग ओबीसी. जवळ 4 लाखांची एफडी आणि घरातलं पाच तोळे सोनं. ‘मुलींची फी माफच आहे, मग कॉम्प्युटर घेऊन टाकू का?’

दादा, नका घेऊ. तुमचा सगळा हिशोब ज्या ‘माफच आहे’वर उभा आहे, ती माफी त्या सीटला लागूच होत नाही.

8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने ओबीसी, एसईबीसी (मराठा आरक्षणाचा प्रवर्ग) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. उत्पन्नाची मर्यादा 8 लाख, त्यात तुम्ही आरामात बसता. पण प्रवेश कॅपमधूनच झालेला हवा. मॅनेजमेंटच्या सीटवर चार वर्षांचे 6,40,000 तुमच्याच खिशातून जातील. एफडी संपेल, सोनं गहाण पडेल, आणि तिसऱ्या वर्षी घरात कुणी आजारी पडलं तर हाताशी काहीच नसेल. मला काळजी त्याची वाटते.

लेकीची हौस मी मोडीत काढत नाहीये. कॉम्प्युटरला मागणी आहे हे खरंच. पण ई अँड टीसीची मुलंही सॉफ्टवेअरमध्ये जातात. पहिल्या वर्षानंतर रिकाम्या जागांवर गुणांनुसार शाखा बदलता येते, तेव्हा तिला पहिल्या सेमिस्टरपासूनच जीव तोडून अभ्यास करू द्या. जागा सुटेलच अशी खात्री मात्र धरू नका.

माफी म्हणजे शून्य खर्च नव्हे. विकास शुल्क, पुस्तकं, लॅपटॉप, जाणं-येणं तुमच्याकडेच. घरून कॉलेज करणार म्हणून मेस-हॉस्टेल वाचतं, ही मोठी गोष्ट आहे. लॅपटॉपसाठी एफडी मोडू नका, तिच्यावर छोटं कर्ज घ्या आणि दरमहा फेडा.

आता कागद. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, जात पडताळणी, डोमिसाइल (रहिवासी दाखला). महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्जाचं दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. पहिल्या वर्षी भरला म्हणून गाफील राहू नका. आणि बँक खातं आधारला जोडलेलं हवं, कारण पैसे आधारला जोडलेल्या खात्यातच येतात. एक मुलगी माझ्यासमोर मोबाइल धरून रडत बसली होती: पैसे जमा दाखवत होते, पण खात्यात नव्हते. तिचं आधार शाळेत असताना उघडलेल्या, कधीच बंद पडलेल्या खात्याला जोडलेलं होतं. तुम्ही सोमवारी सुट्टी टाका, लेकीला घेऊन बँकेत जा आणि आधार कुठल्या खात्याला जोडलंय ते विचारूनच बाहेर पडा.